अर्चनाच्या नावाचा कागद

२ जून, सोमवार
करिअर कक्षाची फाइल लावायची आहे. समिती येणार, कधी ते ठरलेलं नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कागद पूर्ण ठेवा. समिती कागद बघते."
कक्षाची प्रमुख मी. तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारीला हे वरचं काम देतात, ती नाही म्हणू शकत नाही म्हणून. कक्ष म्हणजे एक कपाट आणि बारा संगणक. त्यांतले तीन चालू.
जानेवारीत बारावी कलाच्या मुलींना सरकारी पोर्टलवरची आवड-चाचणी करायला सांगितली होती. फुकट आहे, मराठीत आहे. साठ विधानं. प्रत्येकापुढे आवडतं, आवडत नाही, सांगता येत नाही. शेवटी एक कागद निघतो, तुमचा ओढा कुठल्या कामाकडे. खाली त्या कामांची यादी, कुठं शिकायचं, काय पात्रता. तीन संगणकांवर एकेचाळीस मुली कधी होणार, म्हणून म्हटलं, नेटकॅफेतून भरून प्रिंट आणा.
आणल्या. एकेचाळीस. उद्या नंबर घालायचे.

३ जून, मंगळवार
नंबर घालायचे राहिले. ज्ञानोबामामा आले होते. अर्चनाचे वडील, पाली गावचे, मेंढरं आहेत. मार्चमध्ये मीच बोलावून घेतलं होतं, तिचं लग्न ठरतंय असं कळलं तेव्हा. तिचा कागद वाचून दाखवला होता, एक प्रत त्यांना दिली होती. त्यात प्राणी, उघड्यावरचं काम, पशुसंवर्धनाची पदविका असं आलं होतं. मी अर्धा तास बोलले होते. चांगली बोलले होते.
आज सांगायला आले की गेवराईकडचं स्थळ त्यांनी परत पाठवलं. पोराचा टेम्पो आहे. ते लोक म्हणाले, दिवाळीपर्यंत वाट बघतो.
"नारायणगडावर दर्शनाला गेलतो. समद्यांना सांगितलं. पोरगी मेंढराची डाक्टर होनार हाय म्हनलं. सरकारच्या कागदावर आलंय."
पिशवीतून कागद काढला. लॅमिनेट केलाय. आधार कार्डाबरोबर ठेवतात.
"तिचा हात लई बारीक हाय, मॅडम. मेंढी अडली की तीच सोडवती. ह्या कागदाला कसं कळलं वो?"
मी हसले. फॉर्मची शेवटची तारीख सांगितली, ३० जून, संध्याकाळी पाच. प्रवेश दहावीच्या मार्कांवर आहे. तिला मिळेल.

४ जून
दुपारी नंबर घालत होते. तेवीस आणि चोवीस एकमेकांवर आले. मागे खिडकी. कागद पातळ, उजेडात दोन्हींवरच्या आलेखाचे सहाही खांब एकावर एक बसले. तंतोतंत.
वाटलं, दोन मैत्रिणी असतील.
मग सगळे कागद खिडकीपाशी नेले.
एकोणतीस एकसारखे. नाव तेवढं वेगळं. अर्चनाचा नववा. तोही त्यातलाच.
 मार्चमध्ये तिचा कागद मी ओळ न् ओळ वाचला होता. बाकीचे चाळीस वाचलेच नव्हते.

५ जून
स्टँडमागचा नेटवाला. बालाजी. समोर पाच-सहा जण फॉर्म भरायला उभे. कागदपत्रं त्याच्या हातात द्यायची, तो भरतो, आपण बसून राहायचं. सगळ्या तालुक्याचं असंच चालतं. मीही माझा नोकरीचा मागचा अर्ज त्याच्याकडूनच भरून घेतला.
दोन प्रिंट पुढे ठेवल्या. त्याला लगेच कळलं. लपवलंही नाही.
"साठ प्रश्न हायत, मॅडम. एकेका पोरीला अर्धा तास. भाईर लाईन बगा. एकदा भरलं, तेच हानलं समद्यांना. नाव बदलायचं फक्त."
"उत्तरं कुणाची?"
"माजीच की. पैल्या पोरीला इचारलं, ती म्हनली तुमीच टाका. मला जनावराची लई आवड. चार शेळ्या हायत घरी."
"अरे, ती चाचणी होती."
"तुमी काय म्हनलात, प्रिंट आना. चाचनी करा असं कुटं म्हनलात?"
रांगेतला एक जण हसला.  बालाजी थोडा नरमला. म्हणाला, "काय चुकलं का? रिझल्ट तर चांगला आलता."

६ जून
प्राचार्यांना सांगितलं. पाणी प्यायले, फाइल उघडली, एकेचाळीस मोजले.
"आहेत ना सगळे?"
"सर, पण खोटे आहेत."
"खोटे नाहीत. पोर्टलनेच दिलेत." फाइल बंद. "पुढच्या वर्षीचे तास जुलैत ठरतात, मॅडम. आता कशाला काढता?"
धमकी होती की सल्ला, कळलं नाही. आवाज मऊ होता. 
अठ्ठावीस मुलींनी तो कागद आणून दिला आणि विसरल्या. काहींची लग्नं झाली, काही बी.ए.ला येतील. एकट्या ज्ञानोबामामांनी तो खरा मानला. मी खरा मानायला लावला.

८ जून, रविवार
घरी फोनवर चाचणी मी स्वतः भरली. खरी. चाळीस मिनिटं लागली. "नवीन माणसांना भेटणे" इथं बराच वेळ.
आई म्हणाली, काय परीक्षा देतेस का या वयात.
मी मराठी घेतलं कारण प्रवेशाच्या दिवशी त्या खिडकीला रांग कमी होती. हे आईलाही माहीत नाही. पुढे आवडलं. आवडलं की सवय झाली, ते चाचणीला सांगता आलं नाही.
निकाल आला. इथं लिहीत नाही.

१० जून, मंगळवार
अर्चनाला बोलावलं. एकटीच आली, पालीहून काळीपिवळी जीपने. तिला शेजारी बसवून चाचणी पुन्हा उघडली. मी वाचणार, ती सांगणार.
"विजेची उपकरणं उघडून बघणे."
"उघडू दिलं न्हाई कदी."
"आवडेल का?"
"मोडलं तर?"
"लोकांसमोर बोलणे."
"कोन ऐकतंय."
विसाव्या विधानापर्यंत कंटाळली. "मॅडम, बरोबर कंचं हाय ते सांगा की. टाकून देते."
बरोबर असं काही नाही म्हटलं तर माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी लपवते आहे असं तिला वाटलं असावं. आवडतं का, हा प्रश्न तिला आजवर बांगड्यांच्या दुकानातच विचारला गेला असेल.
चौतिसावं. आजारी जनावरांची काळजी घेणे.
"करते."
"आवडतं?"
"मंग कोन करनार? आबांचा हात मोठा हाय." आबा म्हणजे ज्ञानोबामामा.
 मग स्वतःच बोलली, पडद्याकडे बघत. अडलेल्या मेंढीत हात कोपरापर्यंत जातो. कोकरू मेलेलं असलं तर ते तुकड्यातुकड्यानं काढावं लागतं. दोन दोन दिवस वास जात नाही. आणि जेवायचं त्याच हाताने. पहिल्यांदा सातवीत होती. ओकली तर चुलती म्हणाली, नखरे बघा हिचे.
मी विधानावरून पुढे गेले नाही. तीच म्हणाली, पुढचं वाचा.
निकाल. "आपला कल स्पष्ट होत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

त्याच दिवशी, राहिलेलं
विचारलं, तो पहिला कागद तुझा नाही हे तुला माहीत होतं?
"हो."
"मग बोलली का नाहीस?"
"लगीन थांबलं ना त्याच्यावर."
मग, "मॅडम, तितं दोन वर्सं हेच का? हात घालायचं?"
हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं.
"मंग टेम्पोवाला काय वाईट."
जाताना दारात थांबली. "आबाला सांगनार का तुमी?"
नाही म्हटलं.

१३ जून, शुक्रवार
अर्चना परत आली. बोलावलं नव्हतं. म्हणाली, ते कामांची यादी म्हनत होतात, ती बघू का.
तीन तास बसली. अ पासून. एकेका कामाचं पान आहे. रोज काय करावं लागतं, कुठं बसतात, काय शिकावं लागतं, कुठे कुठे चित्रफीत. ती वहीत नुसती नावं उतरवत होती. पुढे खूण नाही. मी विचारलं, हे कशाला? "एवडी कामं असत्यात, मॅडम? आमच्यात तीनच हायत. मेंढरं, शेत, नाहीतर मास्तर."
लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईची चित्रफीत दोनदा बघितली. बाईच्या डोक्यावर पिवळी टोपी, ती खड्ड्यात उतरून तारा तपासते. अर्चना तोंडावर हात ठेवून हसत होती. लिफ्टमध्ये ती कधी बसलेली नाही. बीडमध्ये लिफ्ट कुठं कुठं आहेत ते आम्ही दोघींनी आठवून बघितलं. मला चार आठवल्या, त्यांतल्या दोन बंद.
"बंद हायत तर बरंच की. काम हाय."
पहिल्यांदा तिचा खरा आवाज ऐकला. आणि मला भीती वाटली. आता तिच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी आहे.

१७ जून
ज्ञानोबामामांचा फोन. मी वर्गात असल्याचं खोटं सांगणार होते. सुट्टी आहे.
"मॅडम, फारमाला काय काय लागतंय? जातीचा दाखला हाय. रहिवासी काढला. फोटू काढले, निळ्या पडद्याचे."
लागणारी कागदपत्रं सांगितली. एक एक. ते पलीकडे मोठ्याने म्हणत होते, कुणीतरी लिहून घेत होतं. घरात लिहिता येणारी एकच.


१९ जून
दोन रस्ते. गप्प राहिले तर अकरा दिवसांत ती पदविकेला लागते आणि दोन वर्षं, मग पुढे सगळं आयुष्य, कोपरापर्यंत. सांगितलं तर कागद गेला, दिवाळीत लग्न. तिसरा असेल तर तो मला दिसत नाही. मीच कक्षप्रमुख.
आईला विचारलं. म्हणाली, आपण कशाला मध्ये पडायचं. मग म्हणाली, पडलीच आहेस म्हणा.

२१ जून, शनिवार
पालीला गेले.
धरणाचं पाणी मागे हटलंय, गाळावर गवत आलंय, मेंढरं तिथंच होती. मामा काठीवर हनुवटी टेकून. मला बघून धावत आले, वाटलं काही अडलं फॉर्मात. घोंगडी अंथरली. "बसा बसा. चहा सांगू का घरी?"
नको म्हटलं. सरळ सांगितलं. कागद अर्चनाचा नाही. तिने भरलाच नाही.
पिशवीतून काढला. पुसला. बघितला. त्यांना नाव तेवढं वाचता येतं.
"नाव तर तिचंच हाय."
"नाव तिचं. उत्तरं नेटवाल्याची."
"म्हंजी ह्याच्यावर नेटवाला हाय?"
"हो."
"जनावराची आवड त्याला हाय?"
"चार शेळ्या आहेत म्हणाला."
हसायला लागले. मोठ्याने, मान मागे टाकून. "आयला! नेटवाल्याला डाक्टर करायला मी सोयरीक मोडली!" मलाही हसू आलं. मग त्यांचं थांबलं आणि माझं थोडं उशिरा थांबलं.
"तिनं कावून सांगितलं न्हाई?"
"तुम्ही विचारलं नाही. मीही नाही."
आणि हातांचंही सांगितलं. सांगायचं नव्हतं, निघून गेलं. तिला मेंढीत हात घालणं नको वाटतं.
मामांनी स्वतःचे तळवे उघडून बघितले. "ल्हानपनापून करती की ती. एका शब्दानं न्हाई बोलली." दोन मेंढ्या पलीकडच्या शेतात शिरत होत्या. तोंडाने आवाज काढला, उठले, त्यांच्या मागे गेले. परत आले नाहीत. मी अर्धा तास घोंगडीवर बसले. शेवटी ती घडी करून तिथंच ठेवली आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले.
अर्चनाला विचारलं नव्हतं. नाही सांगणार असं म्हटलं होतं. तिच्या वतीने मी ठरवलं, बापाने केलं तसंच.

२३ जून
अर्चनाचा फोन. फक्त एवढंच: "मॅडम, तुमी म्हनला होतात." मग बंद.
परत लावला. लागत नाही.

२५ जून
काही नाही. दुपारी लावला. बंद.
वही उघडून बसले.  

२७ जून, शुक्रवार
बालाजीकडे गेले, माझ्याच अर्जाच्या कामाला. तो आपणहून बोलला. "तुमच्या पालीच्या मामांकडं परवा पाव्हनं आलते म्हनं. गेवराईचे. आमचा मेव्हना त्यांच्याच टेम्पोवर असतो."
"काय झालं?"
"त्ये न्हाई म्हाईत. जेवून गेले म्हनं."
जेवून गेले. यातून काहीही निघतं. न ठरता कुणी जेवू घालत नाही. आणि आलेल्याला न जेवता कुणी जाऊ देत नाही.
बालाजी प्रिंट काढून देताना म्हणाला, "मॅडम, माज्यामुळं झालं का काही?"
म्हटलं, नाही. माझ्यामुळं.

२९ जून, रविवार
पालीला जावं की नाही. दोनदा चप्पल घातली. गेले आणि तिथं मांडवाची बोलणी चालू असली तर? तिच्या समोर उभं राहायला लागेल.
गेले नाही. भीती हेच कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

३० जून, सोमवार
कक्ष दहालाच उघडला. संगणक चालू करून ठेवले, तीनही. बारा वाजले. एक. शिपाई म्हणाला, "मॅडम, आज कोन येनार हाय का?" माहीत नाही म्हटलं.
अडीचला दोघं आले. मामा पुढे, अर्चना मागे. डोळे सुजलेले. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मामांच्या हातात सगळी कागदपत्रं, निळ्या पडद्याचे फोटोही. पदविकेचा फॉर्म भरायला आलेत असं वाटलं. की भरायचा नाही हे सांगायला. विचारायची हिंमत झाली नाही, खुर्च्या पुसत राहिले.
मामा उभेच. म्हणाले, "त्ये साठ प्रश्न दावा मला."
"आता?"
"मला बी बगायचंय काय इचारतेत. आठ दिस झाले डोस्क्यात तेच हाय."
"फॉर्म पाचला बंद होतो, मामा."
"असू द्या."
चाचणी उघडली. त्यांच्या नावाने. मी वाचायला लागले तर म्हणाले, "तुमी नगा. ती वाचंल."
अर्चनाने वाचलं. सपाट आवाजात, बापाकडे न बघता. मामा काठी भिंतीला लावून खुर्चीत ताठ बसले होते, साक्षीला बसल्यासारखे. प्रत्येक विधानाला विचार करत होते. "लोकांसमोर बोलणे." "गावात बोलतो. शेहरात न्हाई. मदलं टाक." "हिशेब ठेवणे." "न्हाई." "यंत्रं दुरुस्त करणे." "इंजिन खोललंय मी. आवडतं. टाक." तिच्या तोंडाचा कोपरा हलला. "नवीन माणसांना भेटणे." "पाव्हनं सोडून." ती हसली, लगेच आवरलं.
चौतिसावं आलं. अर्चनाने वाचलं आणि थांबली.
मामा भिंतीला लावलेल्या काठीकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, उठून जातील.
"आवडतं," म्हणाले. "मला आवडतं." मग, "माजं हाय त्ये. टाक."
तिने टाकलं.
साठ संपायला चार वाजून दहा मिनिटं झाली. निकाल आला. अर्चनाने वाचून दाखवला. त्यांनी ऐकला, मान हलवली, प्रिंट नको म्हणाले. मग खुर्ची जरा मागे घेतली, तिच्याकडे वळवली.
"आता तुजं. मी ऐकतो."
"आबा, पाच वाजतेत."
"वाच."
तिने माझ्याकडे बघितलं. आज पहिल्यांदा. मी काय करावं ते मला कळलं नाही. इथं माझी गरज नव्हती, एवढं कळलं. बाहेर आले, दार ओढून घेतलं, व्हरांड्यात बाकावर बसले. हे तिथंच लिहिते आहे.
आतून तिचा आवाज येतोय. पहिलं विधान. मग काहीच नाही. घड्याळात सव्वाचार. वीस. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.
आता मामांचा आवाज. "इचार करून सांग. घाई न्हाई."